चोवीस नंबरची चौकट

(आपल्या १९८३च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, शेवटी एक टीप जोडली आहे.)



संयोजक मंडळींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. फोनवर मी म्हटलं, अरे, पंचावन्नी उलटली आपली, आता पुन्हा निबंध लिहायला लावता का? तर पलीकडून उत्तर आलं, “तू अमेरिकेत ती कसली कार्डं जमवतोस ना, त्यावर बोल. पोरांना मजा वाटेल.” पोरं म्हणजे आपणच, हे मला इथे आल्यावर कळलं.

तर कार्डं. हे एक सोबत आणलंय. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्या आणि परत माझ्याकडे येऊ द्या. कोपरे दुमडू नका आणि बटाटेवड्याचे हात लावू नका. हे बेसबॉलचं कार्ड आहे. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच, पत्त्याच्या पानाएवढं. पुढे खेळाडूचा फोटो, नाव, संघ. मागे बारीक अक्षरात त्याची कुंडली: जन्म कधीचा, उंची-वजन किती, कोणत्या वर्षी किती सामने खेळला, किती धावा काढल्या. तुमच्या हातात फिरतोय त्या माणसाचं नाव सिड ब्रीम. संघ पिट्सबर्ग पायरट्स. पायरट्स म्हणजे समुद्री चाचे. कार्ड १९९०चं. किंमत विचाराल तर बाहेर मिळणाऱ्या कटिंग चहापेक्षा कमीच भरेल. त्याची गोष्ट पुढे येईल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, सहावी-सातवीत आपण काडेपेट्यांचे छाप जमवायचो. पानवाल्याच्या गादीखाली, इराण्याच्या हॉटेलाबाहेर, ट्रामचे रूळ बुजवलेल्या त्या रस्त्याच्या कडेला रिकाम्या काडेपेट्या शोधत फिरायचो. पेटी पाण्यात भिजवायची, छाप अलगद सोडवायचा, वहीच्या पानात ठेवून वर भूगोलाचं पुस्तक दाबायचं. जहाज छाप ढिगाने मिळायचा. शिवकाशीहून आलेला एखादा रंगीत वाघ-सिंहाचा मिळाला की दिवस सार्थकी लागायचा. माझी वही होती दोघांची, माझी आणि माझ्या बाकावरच्या जोडीदाराची. हजेरीत मी तेवीस आणि तो चोवीस. त्याला सगळे ‘चोवीस’च म्हणायचे, मीही. डाव्या पानावर माझे छाप, उजव्या पानावर त्याचे. चिकटवायला तो घरून भाताची खळ आणायचा. छापांचं मोल ठरवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

हे एवढं लक्षात ठेवा. आता पिट्सबर्गला जाऊ.

१९८९च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला पिट्सबर्गला पोचलो. दोन बॅगा, आईने दिलेला मेतकुटाचा डबा आणि उसने पैसे. शहर तीन नद्यांच्या संगमावर वसलेलं, पोलादाचं. म्हणजे पोलादाचं होतं, असं म्हणायला हवं. नदीकाठी होमस्टेड नावाचं गाव आहे. तिथला पोलाद कारखाना एके काळी जगातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जायचा. दुसऱ्या महायुद्धात तिथे पंधरा हजार माणसं काम करायची. तो १९८६मध्ये बंद झाला. मी गेलो तेव्हा मैलच्या मैल गंजलेल्या शेड उभ्या होत्या आणि रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद होती. माझ्याबरोबरची दिल्लीची, मद्रासची मुलं म्हणायची, कसलं उदास शहर आहे हे. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. संध्याकाळी भोंगा वाजत नाही आणि तरी माणसं भोंग्याच्या वेळेला दारात येऊन उभी राहतात, हे मी लालबागला पाहिलेलं होतं.

माझे घरमालक होमस्टेडला भट्टीवर काम केलेले. साठीचे. पत्नी वारलेली, मुली दूर राहणाऱ्या. त्यांचं नाव घेत नाही, मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचो. वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. रात्री खालून रेडिओचा आवाज यायचा. पिट्सबर्गला त्या रेडिओचा अभिमान फार. बेसबॉल सामन्याचं जगातलं पहिलं रेडिओ प्रक्षेपण याच शहरातून, ५ ऑगस्ट १९२१ला झालं. बापू नाडकर्णींची षटकं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाचा मी मुलगा. रेडिओवर सामना चालू असताना वरच्या खोलीत गप्प बसून राहणं मला जमेना. एकदा खाली जाऊन उभा राहिलो. आजोबांनी न बोलता खुर्ची सरकवली.

पुढच्या वसंतात, १९९०च्या मोसमाच्या सुरुवातीला, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणकागदातली एक पुडी आणून माझ्या हातात दिली. अर्ध्या डॉलरच्या आसपास किंमत. आत पंधरा-सोळा कार्डं आणि गुलाबी च्युइंगगमची एक पट्टी. ती पट्टी म्हणजे पिठी लावलेला पुठ्ठाच, दात सांभाळून खावा लागे. पुढे १९९२पासून कंपनीने ती देणंच बंद केलं, कारण तिचा डाग कार्डावर पडतो अशी जमवणाऱ्यांची तक्रार होती. मुळात ही कार्डं गम खपवायला निघाली होती. त्याच्याही आधी सिगारेट खपवायला. आणि शेवटी कार्ड चांगलं राहावं म्हणून गमच बाहेर गेला.

त्या वर्षी टॉप्स कंपनीच्या पूर्ण संचात ७९२ कार्डं होती. तेव्हा मोठ्या लीगमध्ये २६ संघ होते, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सरासरी तीस. पुडीत कोण निघेल हे नशिबावर. सगळे ७९२ जमवायचे तर खिसा रिकामा होणार. म्हणून आजोबांची रीत सोपी होती. आपला संघ पायरट्स. त्यांचे तेवढे ठेवायचे, बाकीचे देऊन टाकायचे किंवा बदलून घ्यायचे. बाहेरगावच्या संघाचा मोठा तारा निघाला तर त्याच्या बदल्यात आपल्या संघाचे पाच साधे खेळाडू घ्यायचे. या साध्या खेळाडूंच्या कार्डांना तिकडे ‘कॉमन’ म्हणतात. बाजारात त्यांना भाव नाही.

मी एकदा शहाणपणा केला. त्या वेळी पायरट्सकडे बॅरी बॉन्ड्स होता, पुढे अमेरिकेतला सर्वांत जास्त होमरन मारणारा झाला तो. मी म्हटलं, आजोबा, बॉन्ड्सचीच दहा-बारा कार्डं घेऊन ठेवू या ना, भाव वाढेल. ते म्हणाले, “बॉन्ड्स एकटा नऊ जागांवर उभा राहतो का?” आणि मला संचातलं एक वेगळंच कार्ड दाखवलं. त्यावर कुणाचा फोटो नव्हता. नुसते क्रमांक, नावं आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामी चौकट. त्याला म्हणतात चेकलिस्ट. जे कार्ड मिळालं त्याच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करायची. गंमत अशी की बाजारात कोरी चेकलिस्ट महाग आणि खूण केलेली स्वस्त. आजोबांची प्रत्येक चेकलिस्ट खुणांनी भरलेली होती. ते म्हणायचे, चौकटी कशासाठी छापल्या आहेत मग?

भावाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो, तुम्हाला मजा वाटेल.

पायरट्सकडे १९०० ते १९१७ या काळात होनस वॅग्नर नावाचा महान खेळाडू होता. १९०९ ते १९११ या वर्षांत सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं आली त्यांत त्याचंही कार्ड होतं, पण फार थोड्या काळात त्याची छपाई थांबली. कुणी म्हणतं, मुलांनी माझ्या कार्डासाठी तंबाखू विकत घेऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. कुणी म्हणतं, पैशांवरून बिनसलं. कारण काहीही असो, आज त्याची साठेक कार्डं माहीत आहेत, आणि त्यातलं एक २०२२मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. जुन्या कार्डांना एवढा भाव का? कारण ती कुणी जपलीच नाहीत. मुलं ती सायकलच्या चाकात कपड्याच्या चिमट्याने अडकवायची, फटफटीसारखा आवाज यावा म्हणून. मुलगा कॉलेजला गेला की आई खोका उचलून कचऱ्यात टाकायची. सगळ्यांनी टाकली म्हणून जी उरली ती सोन्याची झाली.

दुसरी गोष्ट उलटी. ही किंमत पाहून १९८०नंतर लोक कार्डं गुंतवणूक म्हणून घ्यायला लागले. कंपन्याही टॉप्सच्या जोडीला आणखी आल्या आणि बेसुमार छपाई झाली. माझ्या ओळखीच्या एकाने मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून पेट्याच्या पेट्या न फोडता माळ्यावर ठेवल्या होत्या. सगळ्यांनीच जपून ठेवली, म्हणून ती वर्षं मातीमोल झाली. त्या माणसाच्या पेट्या अजून माळ्यावर आहेत. मुलं शिकली, पण कर्ज काढून. आम्हा आपल्या संघाचे कॉमन जमवणाऱ्यांचं काहीच नुकसान झालं नाही, कारण आम्ही ती विकायला घेतलीच नव्हती.

आता सिड ब्रीम. कार्ड कुठवर पोचलं? तिसऱ्या रांगेत? बरं.

हा आमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा १९८९चा जवळजवळ सगळा मोसम गेला होता. धावायला आपल्या वर्गातल्या माझ्यासारखा, म्हणजे पुढचं समजलंच असेल. १९९०नंतर तो अटलांटाच्या संघात गेला. १४ ऑक्टोबर १९९२, अंतिम फेरीत कोण जाणार याचा निर्णायक सामना, अटलांटामध्ये. शेवटचा डाव सुरू होताना पायरट्स दोन धावांनी पुढे. त्या डावात समोरच्याचे दोन गडी बाद झाले, एक धाव फिटली. एक गडी बाद केला की आपण अंतिम फेरीत. अटलांटाने राखीव खेळाडूंतून फ्रान्सिस्को कॅब्रेराला पाठवलं. त्याला त्या मोसमात मोजून दहा वेळा बॅटिंग मिळाली होती. कॉमनातला कॉमन! त्याने चेंडू डावीकडे मारला, एक धाव आली, बरोबरी झाली. आणि मागून दुसऱ्या बेसवरून धापा टाकत निघाला आमचाच जुना सिड ब्रीम. बॉन्ड्सने चेंडू फेकला, ब्रीम घसरत आला आणि वीतभर अंतराने वाचला. ३-२. खेळ खलास. त्यानंतर बॉन्ड्सही संघ सोडून गेला आणि पायरट्सला पुढची वीस वर्षं, १९९३ ते २०१२, एकदाही जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त करता आले नाहीत. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात सलग इतकी वर्षं हरलेला दुसरा संघ नाही.

त्या रात्री मी रागाने ब्रीमचं कार्ड काढून टाकायला निघालो होतो. आजोबांनी हात धरला. म्हणाले, “१९९०ला तो आपला होता ना? मग १९९०च्या यादीत तो राहणार.” ते वाक्य तेव्हा मला साधंच वाटलं.

आणखी एक कार्ड आजोबांच्या घरी चौकटीत लावलेलं असे, १९७३चं, क्रमांक ५०, रोबेर्तो क्लेमेंते. पोर्तो रिकोचा, अठरा मोसम पायरट्सकडूनच खेळला. १९७२चा मोसम संपताना त्याचे बरोबर ३००० फटके पुरे झाले. त्याच डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचं सामान योग्य माणसांपर्यंत पोचत नाही असं कानावर आल्यावर हा स्वतः विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळलं. तो सापडलाच नाही. कार्ड मात्र पुढच्या वर्षीच्या संचात निघालं. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मला लागली ती अशी. सुरुवातीच्या कार्डांवर त्याचं नाव रोबेर्तो छापलं होतं. मग अमेरिकी जिभेला सोपं म्हणून १९५७पासून १९६९पर्यंत कंपनी ‘बॉब’ छापत राहिली. तो सांगायचा, माझं नाव रोबेर्तो आहे. १९७०ला कार्डावर पुन्हा रोबेर्तो आलं. स्वतःच्या नावासाठी त्याला तेरा वर्षं लागली. हे सांगतोय, कारण मीही माणसाला नंबराने हाक मारलेली आहे.

आता मुख्य गोष्ट.

आजोबांच्या कपाटात दोन खोके असायचे. मला वाटायचं, एक जुना आणि एक नवा. पण दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला ते पायरट्सची सगळी कार्डं दोन-दोन जमवायचे. एक प्रत या खोक्यात, एक त्या खोक्यात. वर्षाचा गठ्ठा कागदाच्या पट्टीने बांधायचे, रबर लावायचे नाहीत, कडा दबतात म्हणून. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भट्टीवरची माणसं फार बोलत नाहीत, आपल्या घरोघरी हे माहीत आहे.

१९९४चा ऑगस्ट. बेसबॉल खेळाडूंनी १२ तारखेपासून संप केला. कोट्यधीशांचा संप! आजोबा आयुष्यभर युनियनवाले. त्यांना हसावं की पाठिंबा द्यावा कळेना. रेडिओ गप्प. त्याच आठवड्यात टेक्सासहून त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आले. भट्टीवर दोघं बावीस वर्षं शेजारी उभे राहिलेले. १९८४मध्ये या गृहस्थांची नोकरी गेली आणि पिट्सबर्गच्या हजारो लोकांसारखे ते कामासाठी ह्यूस्टनला गेले. जाताना आपली कार्डं आजोबांकडे ठेवून गेले. मोटारीत जागा नव्हती म्हणून. दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसले. आजोबांनी तो दुसरा खोका आणला. १९८४पर्यंतचं त्यांचं होतंच. पण त्यापुढे १९८५, ८६, ८७, अगदी त्या चालू वर्षापर्यंत दहा गठ्ठे. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पेन्सिल मागितली. संध्याकाळभर दोघं चेकलिस्ट मांडीवर घेऊन नावं वाचत होते आणि खुणा करत होते.

मी वरून खिडकीतून पाहत होतो. आणि मला चोवीस आठवला.

आपल्या सगळ्यांना ती तारीख पाठ आहे. १८ जानेवारी १९८२. आपण नववीत. मुंबईतल्या कापड गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. आपल्या वर्गात किती घरांतली चूल गिरणीवर होती ते मी सांगायला नको. आधी डबे लहान झाले. मग काहींचे डबे येईनासे झाले आणि आपण न विचारता एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागलो. बाई, तुम्ही मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायचात आणि म्हणायचात, मला आज जास्त झालंय, संपवा रे. रोज जास्त कसं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मेच्या सुट्टीत लोक गावी गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सगळे परतले नव्हते. चोवीस जाण्याच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणाला, “तेवीस, तुझ्याकडे राहू दे. मी दिवाळीनंतर येतो ना, तेव्हा घेतो.” श्रावणात त्याचं एक पोस्टकार्ड आलं. गावचा पत्ता लिहिला होता. शाळेत दहावीचं काय शिकवलं ते लिही, मी इथे वाचतो, असं लिहिलं होतं. शेवटी होतं, छाप सांभाळ. मी ते पोस्टकार्ड वहीत ठेवलं. उत्तर लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा. माझ्या वडिलांची नोकरी बेस्टमध्ये, आमच्या घरात संप नव्हता. मला वेळ नव्हता असं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं.

१९८३च्या जूनमध्ये निकाल लागला. मला चांगले गुण मिळाले, तुम्ही पेढे खाल्ले आहेत. त्याच आठवड्यात मी दहावीची सगळी वह्या-पुस्तकं रद्दीत घातली, सिनेमाच्या तिकिटासाठी. रद्दीवाला गठ्ठा तराजूत ठेवत होता तेव्हा मधल्या थरात ती वही मला दिसली. खळीने फुगलेली, ओळखू येणारीच. हात घातला असता तर निघाली असती. मी घातला नाही. पोस्टकार्डही त्यातच होतं. कुणाच्या आईने टाकलं नाही, मीच टाकलं. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे. माझ्या बायकोलाही हे इथेच कळतंय.

त्या रात्री, १९९४ला, मी मुंबईला घरी पत्र लिहिलं, चोवीसच्या चाळीत चौकशी करा म्हणून. चाळीतली खोली केव्हाच दुसऱ्याला गेली होती. कुणाला गाव नीट सांगता येईना.

आजोबा १९९८ला गेले. त्यांचा खोका त्यांच्या मुलींनी मला दिला. मी हरणाऱ्या संघाची कार्डं वीस वर्षं न चुकता जमवली. माझा मुलगा तिथेच जन्मला. जन्मापासून त्याने हरणाराच संघ पाहिला. एकदा त्याने विचारलं, बाबा, हे सगळे हरलेले लोक आपण का ठेवतो? मी म्हटलं, हे आपले आहेत म्हणून. १ ऑक्टोबर २०१३ला पायरट्स एकवीस वर्षांनी बाद फेरीचा सामना खेळले. सगळं मैदान काळे कपडे घालून आलं होतं आणि समोरच्या गोलंदाजाचं नाव लांबवून ओरडत होतं. त्याच्या हातातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. आमच्या घरात मुलगा आणि मी मिठी मारून रडलो. त्या वर्षीचा संच त्याने स्वतः जमवला. दोन-दोन. मी सांगितलं नव्हतं.

होमस्टेडला आता मोठा मॉल आहे. कारखान्याच्या बारा चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या ठेवल्या आहेत. काल लोअर परळच्या पुलावरून टॅक्सीने आलो तेव्हा उजवी-डावीकडे काय उभं आहे ते तुम्ही रोज पाहता, मी कशाला सांगू?

आता शेवटचं, आणि यासाठीच मी बोलायला होकार दिला.

जेफरसन बर्डिक नावाचा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात साधा कामगार. सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. त्याने तीन लाखांवर छापील कार्डं जमवली आणि कुणालाच ज्याची गरज वाटली नव्हती ते केलं, सगळ्यांची सूची केली. वॅग्नरचं ते ७२ लाखांचं कार्ड आज ‘टी २०६’ म्हणून ओळखलं जातं, तो त्याच्या सूचीतला क्रमांक. शेवटची वर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बसून तो वाकड्या बोटांनी कार्डं वह्यांत चिकटवत राहिला, आणि काम पुरं झाल्यावर थोड्याच दिवसांत, १९६३मध्ये, गेला. त्याने काही विकलं नाही. सगळं संग्रहालयाला देऊन टाकलं. त्याच्याकडून मी एवढं शिकलो की आधी यादी पुरी हवी. यादीतच नाव नसेल तर ते कार्ड हरवलंय हेसुद्धा कुणाला कळत नाही.

आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ‘दहावी १९८३’. यादी आपण केली ती बोर्डाच्या निकालावरून. एकोणपन्नास नावं. त्यांतले आज एक्केचाळीस इथे आहेत किंवा संपर्कात आहेत, पाच जण आपल्यात नाहीत, तिघांचा शोध चालू आहे. संयोजकांनी कष्टाने केलेलं काम आहे, टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

पण मित्रांनो, १९८२च्या जानेवारीत आपण अठ्ठावन्न होतो. गेल्या आठवड्यात मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून, जुन्या जनरल रजिस्टरवरून फक्त नावं उतरवून घेतली. नऊ नावं अशी आहेत की जी नववीत आहेत आणि दहावीत नाहीत. त्यांनी दहावीची परीक्षा आपल्याबरोबर दिली नाही, म्हणून ते आपल्या यादीत नाहीत. म्हणून त्यांना कुणी शोधतही नाही. ते आपले होते ना? मग ते यादीत राहणार.

तुमच्या खुर्चीवर एक जाड कागद ठेवला आहे. तो जाहिरातीचा नाही. अठ्ठावन्न क्रमांक, अठ्ठावन्न नावं, प्रत्येकापुढे एक चौकट. टोपणनावं लिहिली नाहीत. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बाई हजेरी घेताना वाचायच्या तसं. ज्यांचा ठावठिकाणा तुम्हाला माहीत आहे त्यांच्यापुढे खूण करा. ज्यांच्याबद्दल काहीही आठवतं, गाव, तालुका, मामाचं दुकान, बहिणीचं सासर, ते मागे लिहा. मागची बाजू कोरी ठेवली आहे. कागद कोरा जपून ठेवू नका. चौकटी त्यासाठीच आहेत.

चोवीस नंबरच्या चौकटीत खूण करण्याचा हक्क मात्र मला द्या. त्याची वही मी त्याला परत देऊ शकत नाही. पण निदान तोंड दाखवून सांगू शकतो की मी टाकली.

सिड ब्रीम परत आला का? बघू. कोपरा दुमडलाय कुणीतरी. हरकत नाही, आता तो आपल्या वर्गात फिरून आलाय.



(टीप, स्मरणिका छापायला जाताना: त्या दिवशी सत्तावीस कागद भरून परत आले. नऊपैकी तीन नावांपुढे खुणा झाल्या आहेत. तिघांशीही बोलणं झालं आहे आणि पुढच्या मेळाव्याला ते येणार आहेत. आणखी एक वर्गमित्र २००४मध्ये गेल्याचं कळलं. त्याच्या मुलीचा निरोप आला की वडिलांचं नाव यादीत आहे हे कळून बरं वाटलं. चोवीस नंबरची चौकट अजून रिकामी आहे. मात्र भाषणानंतर मागच्या बाकावरचा एक जण आला आणि म्हणाला, चोवीसच्या गावाला एकदा मी गणपतीत गेलो होतो, संगमेश्वर तालुका, वाटेत मोठा वड होता, गावाचं नाव आठवत नाही. एवढ्यावर आम्ही दोघं फेब्रुवारीत निघतो आहोत. वाचकांपैकी कुणाला अधिक माहिती असल्यास संयोजकांना कळवावी.)